हिमवादळाआधी मॉडेल्स पाहताना या चुका टाळा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर नॉरईस्टर, म्हणजे किनाऱ्यालगतचं मोठं वादळ, येणार अशी चाहूल लागली की सगळ्यांत आधी उघडला जातो तो एकूण बर्फाचा रंगीत नकाशा. खरं तर तो सगळ्यांत शेवटी उघडायला हवा. मॉडेल, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणारा संगणक प्रोग्राम, वारा, दाब, तापमान आणि आर्द्रता यांची समीकरणं सोडवतं. त्यातून किती पाणी पडेल ते निघतं, मग ते पाणी बर्फ म्हणून पडेल की पाऊस म्हणून, हे ठरतं, आणि त्यानंतर कुठेतरी त्या पाण्याला एका गुणोत्तराने गुणून इंच दाखवले जातात. आधीच्या प्रत्येक पायरीवरची चूक त्या शेवटच्या आकड्यात येऊन साठते. पुढच्या बहुतेक चुका या ना त्या रूपात हे विसरल्यामुळेच होतात.

एका रनवर भिस्त ठेवणं

जीएफएस हे अमेरिकेचं जागतिक मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं: ००, ०६, १२ आणि १८ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). अशा प्रत्येक खेपेला रन म्हणतात. प्रत्येक रन ३८४ तासांपर्यंत, म्हणजे १६ दिवस पुढे जातो. साहजिकच दर सहा तासांनी नवा नकाशा हाती येतो आणि वादळाला आठ दिवस असताना त्यातला एखादा ३० इंच दाखवतो. सकाळच्या रनमध्ये वादळ किनाऱ्याला चिकटून जातं, दुपारच्या रनमध्ये ते समुद्रात निघून जातं, रात्री परत येतं. इतक्या आधी ही हेलकाव्यांची रुंदी हाच खरा अंदाज असतो. त्यातला एखादा हेलकावा निवडून त्याला अंदाज म्हणायचं नसतं.

दोन रनची तुलना करताना घड्याळातली वेळ तीच ठेवा. आजच्या १२ यूटीसी रनचा ९६वा तास आणि कालच्या १२ यूटीसी रनचा १२०वा तास एकाच क्षणाचे आहेत, म्हणून तेच शेजारी ठेवायचे. आणि आधी बर्फ नको, ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरच्या हवेचा नकाशा पाहा: पश्चिमेचा रिज (वरच्या वाऱ्यांचा उत्तरेकडचा फुगवटा) उंच झाला का, द्रोणी (दक्षिणेकडची खोलगट वळण) लवकर तिरकी झाली का, उत्तरेची आणि दक्षिणेची लहर एकमेकींत मिसळली का. जमिनीवरचं वादळ ५० मैल का सरकलं, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

सलग तीन रन पश्चिमेला सरकले म्हणजे चौथाही सरकेल, असा हिशोब करू नका. कल कधी टिकतो, कधी पुढच्याच रनमध्ये उलटतो. तसंच '०६ आणि १८चे रन कुचकामी' ही समजूत सोडून द्या. रेडिओसाँडचे, म्हणजे वरच्या हवेची मोजमापं घेणाऱ्या उपकरणांचे फुगे मुख्यतः ०० आणि १२ यूटीसीला सोडले जातात हे खरं, पण मॉडेलमध्ये जाणारी बहुतांश निरीक्षणं उपग्रहांची असतात आणि ती दिवसभर येत राहतात.

वेळ चुकीची वाचणं

साधी चूक, पण दर हिवाळ्यात होते. ईस्टर्न स्टँडर्ड टाइम यूटीसीच्या पाच तास मागे आहे, म्हणून 'रविवार ००' असं लिहिलेला नकाशा शनिवारी संध्याकाळी ७ वाजताचा असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे गेल्यावर तोच ८ वाजताचा होतो. एकूण बर्फाची बेरीजही बहुधा रन सुरू झाल्यापासूनची असते. मुख्य वादळाच्या तीन दिवस आधी एखादी बारीकशी प्रणाली दोन इंच टाकून गेली असेल, तर तेही त्या बेरजेत बसतात. वादळापुरती २४ किंवा ४८ तासांची बेरीज वेगळी काढा.

१०:१ च्या नकाशावर विश्वास ठेवणं

सगळ्यांत जास्त निराशा इथे होते, म्हणून जरा सावकाश पाहू. १०:१ म्हणजे एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ. हे सोयीसाठी धरलेलं गुणोत्तर आहे. ओल्या, जड बर्फात ते ५ किंवा ६ वर येतं, कोरड्या भुसभुशीत बर्फात १५ ते २०, आणि सरोवरांच्या काठच्या बर्फात त्याहूनही वर जातं. शिवाय असे अनेक नकाशे स्लीटलाही बर्फ धरून गुणतात. स्लीट म्हणजे गोठलेल्या थेंबांची कणी, तिचं गुणोत्तर साधारण २ ते ३. एक इंच पाणी स्लीट म्हणून पडलं तर नकाशा १० इंच दाखवेल आणि जमिनीवर दोन-तीन इंचांचा टणक थर असेल.

म्हणून अनेकजण तापमानावरून काढल्या जाणाऱ्या कुचेरा गुणोत्तराकडे वळतात. त्याची रीत माहीत असली की त्याच्या मर्यादाही कळतात. जमिनीपासून ५०० हेक्टोपास्कलपर्यंतच्या थरातलं सर्वांत जास्त तापमान केल्विनमध्ये घ्या आणि २७१.१६ मधून वजा करा. ते तापमान २७१.१६ पेक्षा जास्त असेल, तर आलेल्या ऋण फरकाची दुप्पट १२ मध्ये मिळवा. कमी असेल तर फरक आहे तसाच मिळवा. थरातलं कमाल तापमान अधिक १ अंश सेल्सिअस असेल तर गुणोत्तर येतं सुमारे ६. ते उणे ५ असेल तर १५. म्हणजे १.२ इंच पाण्याचे पहिल्या ठिकाणी सात इंच आणि दुसऱ्या ठिकाणी अठरा इंच. १०:१ चा नकाशा दोन्हीकडे बाराच दाखवतो.

पण कुचेरा फक्त तापमान पाहतं. मोठे, फांद्या फुटलेले हिमकण उणे १२ ते उणे १८ अंशांच्या थरात तयार होतात. हवेची वर जाण्याची गती नेमकी त्या थरात जोरदार असेल तरच बर्फ हलका आणि फुगीर पडतो. वर गती असून थर चुकला, तर सुया आणि बारीक कण पडतात आणि गुणोत्तर घसरतं. जोराच्या वाऱ्यात कण एकमेकांवर आपटून तुटतात आणि दाबून बसतात. किनाऱ्यालगतच्या वाऱ्याच्या वादळात कुचेराचे १८ इंच दिसले तरी ते कमीच धरावेत, असं आमचं ठाम मत आहे. (ब्लिझर्ड ठरायला इंच लागतच नाहीत: ताशी ३५ मैलांचा वारा किंवा वारंवार तसे झोत आणि पाव मैलाहून कमी दृश्यमानता, हे तीन तास टिकलं की झालं.)

८५० च्या शून्य रेषेवर थांबणं

८५० हेक्टोपास्कलवर, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवर, तापमान शून्याखाली आहे म्हणून बर्फच पडणार, असं नाही. दक्षिणेकडून येणारी उबदार हवा बरेचदा त्याच्या वर, ८०० ते ७५० च्या आसपास घुसते. दोन ठरावीक पातळ्यांचे नकाशे पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. त्यासाठी आपल्या ठिकाणचं साउंडिंग, म्हणजे तापमानाचा उभा आलेख उघडावा लागतो. तो असा वाचा:

१. वरच्या ढगापासून खाली या. उणे १२ ते उणे १८ च्या थरात हवा संपृक्त आहे का ते पाहा. तिथे कोरडी हवा शिरली असेल तर हिमकणच बनत नाहीत आणि नुसती रिमझिम पडते. जमिनीलगतचं तापमान शून्याखाली असेल तर ती जमिनीवर गोठते.
२. मधल्या थरात तापमान शून्याच्या किती वर जातं ते पाहा. साधारण १ अंशापेक्षा कमी असेल तर कण बहुतेक टिकतात. १ ते ३ अंशांत अर्धवट वितळून स्लीट होतं. ३ अंशांच्या वर पूर्ण वितळतात.
३. पूर्ण वितळले असतील तर खालचा गार थर किती जाड आहे, ते ठरवतं: जाड आणि थंड असेल तर स्लीट, पातळ असेल तर गोठणारा पाऊस.
४. शेवटी जमिनीलगतचं वेट बल्ब तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने हवा जितकी गार होऊ शकते ते तापमान, पाहा. हवा ३ अंश आणि दवबिंदू उणे ८ असेल, तर बाष्पीभवनाने तापमान शून्याच्या किंचित खाली येऊ शकतं. थर्मामीटर पाहून 'पाऊसच येणार' म्हणणारे इथे फसतात.

त्याच कोरड्या हवेची दुसरी बाजू अशी की पहिले काही तास रडारवर बर्फ दिसतो आणि जमिनीवर काहीच पोहोचत नाही. अॅपलाचियन पर्वतरांगेच्या पूर्वेला अडकून बसलेली थंड हवा मात्र जागतिक मॉडेल्स वेळेआधीच पुसून टाकतात. तिथे बारीक जाळीच्या, म्हणजे जवळजवळच्या बिंदूंवर हिशोब करणाऱ्या मॉडेलला जास्त वजन द्या.

ज्या मॉडेलचं जे काम नाही, ते त्याला सांगणं

वादळ पाच दिवसांहून लांब असेल तर फक्त एन्सेम्बल, म्हणजे सुरुवात किंचित बदलून एकाच मॉडेलचे चालवलेले अनेक रन (त्यातला प्रत्येक म्हणजे एक सदस्य). तीन ते पाच दिवसांत युरोपीय केंद्राचं मॉडेल, जीएफएस, ब्रिटिश आणि कॅनडाचं मॉडेल एकत्र ठेवा आणि वादळाचा मार्ग ठरवा. दोन दिवसांच्या आत उबदार थरासाठी ३ किलोमीटर जाळीचं एनएएम हे अमेरिकेचं प्रादेशिक मॉडेल पाहा. १२ किलोमीटरचं एनएएम ८४ तासांपर्यंत जातं, पण त्याच्या ८४व्या तासावरून वादळाचं भाकीत करणं म्हणजे मॉडेलच्या सर्वांत कमकुवत टोकाला धरणं. शिवाय ते पाणी जास्त दाखवतं, ही त्याची जुनी खोड आहे. एचआरआरआर हे अमेरिकेचं जवळच्या तासांसाठीचं बारीक जाळीचं मॉडेल दर तासाला चालतं, साधारण १८ तासांपर्यंत. ००, ०६, १२ आणि १८ चे रन ४८ तासांपर्यंत जातात. बर्फाचे अरुंद पट्टे कुठे बसतील, हे त्यालाच विचारा, तेही शेवटच्या अर्ध्या दिवसात.

युरोपीय केंद्राचं एआयएफएस हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल २५ फेब्रुवारी २०२५ पासून नियमित चालतं. मार्गासाठी ते जरूर पाहा. त्याची जाळी जाड आहे, त्यामुळे पट्टे आणि उबदार थराची बारकाई त्यातून काढू नका.

एन्सेम्बलची सरासरी म्हणजेच अंदाज समजणं

युरोपीय एन्सेम्बलमध्ये ५१ सदस्य असतात, जीएफएसच्यात ३१. समजा ५१ पैकी २५ सदस्य तुमच्या गावाला १८ इंच देतात आणि २६ सदस्य एक इंच. सरासरी येते नऊ इंचांच्या वर, आणि नऊ इंच एकाही सदस्यात नाहीत! म्हणून सरासरीऐवजी वेगवेगळ्या सदस्यांची कमी दाबाची केंद्रं एका नकाशावर पाहा. ईशान्य किनाऱ्यासाठी ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम हा जुना खुणेचा बिंदू आहे. केंद्रं त्याच्या आत आणि बाहेर अशा दोन घोळक्यांत विभागली असतील, तर दोन शक्यता सांगा, मधला आकडा सांगू नका.

जानेवारी २०१५ चं वादळ याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. न्यूयॉर्क शहरासाठी २० ते ३० इंचांचा अंदाज होता, भुयारी रेल्वेही थांबवली गेली. युरोपीय मॉडेल शहरावर भरपूर बर्फ दाखवत होतं, जीएफएस बरंच कमी. सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच पडला. लाँग आयलंडवर, मॅनहॅटनपासून सुमारे ८० किलोमीटर पूर्वेच्या इस्लिपला २४.९ इंच. वादळ आलं, जोरही तसाच होता. फक्त मुख्य पट्टा पूर्वेला राहिला आणि शहर त्याच्या पश्चिम कडेवर सापडलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, शहर पट्ट्याच्या आत आलं आणि सेंट्रल पार्कमध्ये विक्रमी २७.५ इंच नोंदले गेले. तीव्र पट्ट्याच्या कडेला असाल, तर अंदाजात मोठी रुंदी ठेवण्यावाचून इलाज नाही. तिथे नेमका आकडा सांगणं हीच चूक.

बर्फ सुरू झाल्यावरही मॉडेलकडेच पाहत बसणं

आता निरीक्षणांची पाळी. एचआरआरआरच्या ताज्या रनमधला दाब, दवबिंदू आणि पर्जन्याची कड प्रत्यक्षाशी ताडून पाहा. पहिल्या दोन तासांतच ते चुकत असेल, तर त्याचे पुढचे तास बाजूला ठेवा. रडारवर कोरिलेशन कोएफिशंट, म्हणजे पडणारे कण एकमेकांसारखे किती आहेत हे दाखवणारा आकडा, उघडा. नुसत्या बर्फात तो १ च्या अगदी जवळ असतो आणि वितळणाऱ्या थरात ठळकपणे घसरतो. घसरलेल्या आकड्यांचं कडं तुमच्याकडे सरकत असेल, तर स्लीट वाटेवर आहे, मॉडेल काहीही म्हणो.

मोजमापातही चुकतं. पांढरा रंग दिलेली साधारण दोन फूट चौरस प्लायवूडची फळी भिंती, झाडं आणि वाऱ्याच्या वळणांपासून दूर ठेवा. इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजा आणि फळी सहा तासांच्या आत साफ करू नका. दर तासाला साफ करून बेरीज केली तर आकडा फुगतो, कारण बर्फाला स्वतःच्या वजनाने दबायला वेळच मिळत नाही. स्लीट त्यात धरायचं. गोठणाऱ्या पावसाचा काचेसारखा थर धरायचा नाही, तो वेगळा नोंदवा. मग साचलेला बर्फ वितळवून पाणी मोजा आणि खरं गुणोत्तर काढा. तुमचा आकडा चुकला तो पाण्यात की गुणोत्तरात, हे त्याशिवाय कळणार नाही.