नोकरी सोडून नर्सिंगकडे वळताना पैशांची तजवीज

सांगली-मिरजेत आधीची पदवी आणि काही वर्षांची नोकरी असतानाही नर्सिंगकडे वळू इच्छिणाऱ्यांनी आधी अभ्यासक्रम निश्चित करावा, कारण बी.एस्सी. नर्सिंगला 4 वर्षे लागतात, तर जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) 3 वर्षांत पूर्ण होते, आणि या एका वर्षाच्या फरकात फीपेक्षाही बुडणारा पगार अधिक जड जातो. म्हणून फी, वसतिगृह, गणवेश आणि घरखर्च यांचा एकत्रित हिशेब मांडावा.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरील शिष्यवृत्ती गृहीत धरू नये; दुसऱ्या पदवीसाठी आपण पात्र आहोत का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाकडून प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. बँकांच्या आदर्श योजनेनुसार 4 लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःची रक्कम घालावी लागत नाही, आणि अभ्यासक्रम संपल्यावर सुमारे एक वर्षाने हप्ते सुरू होतात. मात्र व्याजाची आकारणी पहिल्या दिवसापासून होत असल्याने, शक्य असेल त्यांनी ते दरमहा भरत राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. जुन्या करप्रणालीत या व्याजावर 8 वर्षांपर्यंत वजावट मिळते. महाविद्यालयाला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता असल्याची खात्री झाल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.