3 टीबीची हार्ड डिस्क अ‍ॅडॅप्टरला लावल्यावर रिकामी दिसत होती, माझा अनुभव

आईबाबा इंदूरलाच असतात, त्यांच्याकडच्या जुन्या एक्स्टर्नल डिस्कचा बॉक्स बंद पडला. आत 3.5 इंची 3 टीबी डिस्क, त्यात ताईच्या लग्नाचे सगळे फोटो. डिस्क बाहेर काढली, जेल रोडवरून डिस्क यूएसबीला जोडणारा यूएसबी-साटा अ‍ॅडॅप्टर आणला, लावला तर नुसतं टिक... टिक... आणि बंद. नंतर कळलं की 3.5 इंची डिस्कला 12 व्होल्टही लागतात आणि यूएसबीतून मिळतात फक्त 5, म्हणून 12 व्होल्ट 2 अँपिअरचा वेगळा पॉवर अ‍ॅडॅप्टर जोडला, डिस्क मस्त फिरायला लागली.

पण विंडोज म्हणे डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. इथे थांबा, ओके दाबू नका, मी आईला माउसला हातही लावू दिला नाही! डेटा जागेवरच होता, फक्त जुन्या बॉक्सचा बोर्ड डिस्क 4096 बाइटच्या सेक्टरने (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा सगळ्यात छोटा तुकडा) दाखवायचा, कारण 512 च्या हिशोबाने जुनी एमबीआर पद्धत (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कुठे आहेत ते नोंदवायची) साधारण 2 टीबीच्या पुढे जात नाही, आणि नवा यूएसबी-साटा अ‍ॅडॅप्टर दाखवतो 512, त्यामुळे पार्टिशन कुठे सुरू होतं त्याचा आकडाच चुकतो.

मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, डिस्कवर 4096 सेक्टर साइजचं लूप डिव्हाइस बनवलं (म्हणजे लिनक्सला तीच डिस्क 4096 च्या सेक्टरची असल्यासारखी दाखवली), रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल असं, आणि पार्टिशन लगेच दिसलं. पहिल्याच फोल्डरमध्ये ताईची हळद, आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला आख्खी रात्र गेली, आता दोन कॉप्या आहेत, एक ताईकडे.