ईस्टर लिली वेळेवर फुलवायची तर: थंडी किती, दिवा किती

ईस्टर लिलीचे (लिलियम लाँगिफ्लोरम) कंद अमेरिकेत मुख्यतः कॅलिफोर्निया-ओरेगनच्या किनारी सीमेवर पिकतात. तिथून ते ग्रीनहाऊसमध्ये येतात. फुलं नेमकी ईस्टरला हवीत, आणि ईस्टरची तारीख दरवर्षी बदलत असल्याने खरी कसरत तिथे सुरू होते.

फुलं धरावीत म्हणून कंदाला ४.५ ते ७ अंश सेल्सिअसवर साधारण १,००० तास, म्हणजे सहा आठवडे थंडी द्या. कंद ज्यात लावलाय ते माध्यम (माती किंवा तत्सम मिश्रण) ओलसर हवं. कोरड्या कंदावर थंडीचा परिणाम नीट होत नाही. सहा आठवड्यांवर थांबायचं. जास्त थंडीने फूल लवकर येतं खरं, पण कळ्या कमी धरतात. थंडीनंतर लगेच २१ अंशांच्या वर ऊब दिली तर झालेला परिणाम पुसलाही जातो, म्हणून सुरुवातीला १६-१८ अंशच ठेवा.

थंडी कमी पडली? मग दिवा लावा. कोंब मातीवर दिसताच रात्री १० ते २ साधा बल्ब, रोपाच्या उंचीवर सुमारे १०० लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक). हिशेब सोपा आहे: थंडीचा जितक्या दिवसांचा तुटवडा, तितक्या रात्री प्रकाश. कोंब वर आले नसतील तर दिवा फुकट जळतो. कोंब मागेपुढे उगवले असतील तर हा उपाय विशेष कामाचा, कारण अख्खा लॉट एका वेळी फुलायला मदत होते. गरजेपेक्षा जास्त रात्री लावलात तर मात्र रोपं उंच, लुकडी होतात.

कळी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत सुमारे ३०-३५ दिवस धरा. तो वेग पुढे तापमानानेच कमी-जास्त करायचा.