क्यूबसॅटची कंपन चाचणी: या चुका टाळा

क्यूबसॅट म्हणजे ठरावीक मापाच्या घनांतून बनणारा छोटा उपग्रह; प्रक्षेपणाचे हादरे तो सोसेल का, हे कंपन चाचणीत बघतात. या चाचणीत त्याची ॲल्युमिनियमची चौकट सहसा मोडत नाही. घात होतो तो जोडांवर: सैल झालेला स्क्रू, बोर्डावरून उखडलेला इंडक्टर, निसटलेला कनेक्टर. पुण्याच्या सीओईपीच्या ‘स्वयम्’सारखे विद्यार्थी उपग्रह २०१६ मध्येच कक्षेत गेले, नव्या संघांनी जुन्याच चुकांवर वेळ घालवू नये, असं मनापासून वाटतं.

सगळ्यात महागात पडते ती आकड्याची चूक. नासाच्या जीईव्हीएस या चाचण्यांच्या मानकात हलक्या घटकांसाठी क्वालिफिकेशनची (डिझाइन पारखणाऱ्या चाचणीची) रँडम, म्हणजे अनेक वारंवारिता एकदम असलेल्या कंपनाची, पातळी १४.१ जी आरएमएस (गुरुत्व त्वरणाच्या पटीत मोजलेली एक प्रकारची सरासरी) आहे. ‘मग १४ जी धरून गणित करू’ म्हणत अनेक जण मोकळे होतात. पण हा आकडा उपग्रह हलवणाऱ्या शेकर टेबलाचा, आतल्या भागाचा नाही, तोही २० ते २००० हर्ट्झ मिळून. तुमचा बॅटरी पॅक १५० हर्ट्झला अनुनादात (स्वतःच्या वारंवारितेला जोरात थरथरण्यात) जात असेल आणि क्यू, म्हणजे अनुनादात कंपन किती पट वाढतं तो आकडा, १० असेल, तर त्या वारंवारितेजवळच्या ०.१६ जी वर्ग प्रति हर्ट्झ या कंपन घनतेला माइल्सचं समीकरण (भागाला बसणाऱ्या कंपनाचा अंदाज देणारं सूत्र) १९.४ जी आरएमएस देतं. रँडम कंपनाचे झटके या सरासरीहून मोठे असतात, म्हणून डिझाइन त्याच्या तिपटीवर, म्हणजे सुमारे ५८ जीवर करायचं. २०० ग्रॅमच्या पॅकवर हा जोर ११४ न्यूटनच्या आसपास जातो. ब्रॅकेट एवढ्यासाठी बनवलाय का, ते तपासा.

संगणकावरच्या मॉडेलमध्ये सगळे जोड ‘बॉन्डेड’ (एकजीव चिकटलेले) ठेवू नका. अनुनादाची पहिली वारंवारिता फुगून दिसते. फिक्स्चर, म्हणजे उपग्रह टेबलावर बसवायचा साचा, आधी रिकामं हलवून बघा, नाहीतर त्याचाच अनुनाद उपग्रहाच्या माथी मारला जाईल.

स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा, थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा आणि डोक्यावरून चौकटीपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. चाचणीनंतर रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय, हे लगेच कळतं.

रँडमच्या आधी आणि नंतर कमी पातळीचा साइन स्वीप, म्हणजे एकेक वारंवारिता क्रमाने देत जाणारं हलकं कंपन, घेतलाच पाहिजे. दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. शिखराची वारंवारिता ५ टक्क्यांहून जास्त खाली सरकली असेल, तर जोड ढिला झाल्याचा किंवा तडा गेल्याचा संशय घ्या. वारंवारिता तीच, पण उंची बदललेली असेल, तर आधी ॲक्सेलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर) नीट चिकटलाय का ते बघा. वरच्या वारंवारितांत बारीक काटेरी गवत उगवलं असेल, तर काहीतरी खडखडतंय: बहुधा मोकळी केबल, किंवा चौकटीच्या कडेची रेल आणि टेस्ट पॉड (चाचणीत उपग्रह ठेवायचा डबा) यांच्यामधली फट. कारण सापडेपर्यंत पुढच्या अक्षाची (दिशेची) चाचणी सुरू करू नका.