सेल साधे घ्यायचे का रिचार्जेबल? आधी वस्तू किती खाते ते बघा

मी इथे मुद्दाम सेल म्हणतेय, कारण आमच्या गावाकडे बॅटरी म्हटलं की लोक टॉर्च आणून देतात. तर सेल.

मागच्या वर्षी एका रविवारी घरातल्या सेलवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू एकत्र काढल्या. भिंतीवरची घड्याळं, टीव्हीचा रिमोट, एसीचा रिमोट, कॉम्प्युटरचा माऊस, वजनकाटा, आईचं बीपीचं मशीन, मुलाच्या गाड्या, गॅस गिझर. मोजल्या तर 17 निघाल्या आणि रिचार्जेबलचा खरा उपयोग त्यातल्या फक्त चार-पाच वस्तूंना होता. म्हणून सरसकट घरभर रिचार्जेबल करायला जाऊ नका, पैसे वाया जातात.

पहिलं काम फुकटचं आहे. नवीन सेल टाकताना त्यावर मार्करने तारीख लिहा. पुढच्या वेळी सेल गेला की तारीख बघायची, कुठली वस्तू किती दिवसांत सेल खाते ते आपोआप कळतं. दोन-तीन महिन्यांच्या आत संपतोय तर रिचार्जेबल, वर्षभर जातोय तर साधा. माझा तरी एवढाच नियम आहे.

हिशोब सांगते. मुलाच्या गाडीला चार पेन्सिल सेल लागायचे आणि ते पंधरा दिवसांत संपायचे, म्हणजे वर्षाला 104 सेल, एक 18 रुपयांना धरला तरी 1872 रुपये. चार रिचार्जेबल आणि चांगला चार्जर मिळून मला 1500च्या आसपास पडले, म्हणजे वर्षाच्या आत वसूल. आणि भिंतीवरच्या घड्याळाला वर्षाला एक सेल, 18 रुपये. तिथे 250चा रिचार्जेबल सेल टाकला तर तो वसूल व्हायला जवळपास 14 वर्षं लागतील, चार्जर सोडूनच द्या.

आता साध्या सेलमध्येपण दोन प्रकार आहेत. पाकिटावर 'हेवी ड्यूटी' लिहिलेला स्वस्तातला सेल म्हणजे झिंक कार्बन, नाव दणकट पण ताकद सगळ्यात कमी, घड्याळ आणि रिमोटपुरता ठीक. याचं बाहेरचं डबडं जस्ताचं असतं आणि सेल वापरला जातो तसं तेच आतून खाल्लं जातं, म्हणून संपलेला सेल आत तसाच राहिला की पाणी सोडतो आणि रिमोटची स्प्रिंग गंजवून टाकतो. दुसरा अल्कलाइन, महाग पण बराच जास्त चालतो. पाणी तोही सोडतो, पांढरी पूड जमते ती त्याचीच. ती पूड क्षारयुक्त असते, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसली की निघते, पण हाताला लागू देऊ नका आणि डोळ्यापासून लांब ठेवा. सेल उन्हात ठेवून परत वापरायची सवय खूप घरांत आहे, उष्णतेने तो थोडा वेळ चालतो पण पाणी सुटायची शक्यता वाढते, त्यामुळे नकोच.

रिचार्जेबल घेताना निकेल मेटल हायड्राइडचा घ्या. यावर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं आणि साध्यावर 1.5, ते बघून लोक घाबरतात. पण साधा सेल 1.5 ला सुरू होऊन हळूहळू उतरत जातो, आणि हा जवळजवळ शेवटपर्यंत 1.2 च्या आसपास टिकून राहतो, त्यामुळे खेळणी, माऊस, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांना काही फरक पडत नाही, फ्लॅशला तर हाच जास्त चांगला. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'लो सेल्फ डिस्चार्ज' बघा. जुन्या प्रकारचे सेल नुसते ड्रॉवरमध्ये पडून काही आठवड्यांत उतरायचे. सान्यो कंपनीने 2005 मध्ये एनेलूप नावाचे सेल आणले तेव्हापासून पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे सेल मिळायला लागले. पेन्सिल सेलला 2000 एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) भरपूर झालं. ऑनलाइन कुणी 4000 वगैरे लिहिलं असेल तर ते खोटं आहे, एवढ्याशा आकारात या प्रकारात तेवढं बसत नाही.

चार्जरमध्ये मात्र कंजुषी करू नका. प्रत्येक सेलचा वेगळा दिवा असलेला आणि भरला की आपोआप बंद होणारा घ्या. स्वस्त चार्जर दोन-दोनच्या जोडीने चार्ज करतात, त्यात एक सेल जास्त भरून तापतो आणि लवकर मरतो. यूएसबीची पिन लावून चार्ज होणारे 1.5 व्होल्टचे लिथियम सेलपण आलेत, ते या चार्जरमध्ये चुकूनही टाकायचे नाहीत, आग लागू शकते.

गॅस गिझरचं वेगळं सांगते कारण तिथे मी स्वतः फसले. आमच्या गिझरला दोन मोठे सेल लागतात. मी पेन्सिल रिचार्जेबलला मोठ्या सेलचं प्लास्टिकचं कव्हर घालून बसवले. दोन्हींचे मिळून 2.4 व्होल्ट, पाहिजेत 3. टिकटिक आवाज यायचा पण पेटायचा नाही आणि मी नळ परत परत चालू-बंद करत होते, जे अजिबात करायचं नसतं कारण गॅस साचू शकतो. तेव्हापासून तिथे अल्कलाइनच. बीपीच्या मशीनलापण अल्कलाइन, तेही महिनोन्‌महिने वापर नसेल तर काढून ठेवायचे. लाईट गेल्यावर लागणाऱ्या टॉर्चलाही तेच, सेल बाहेर काढून शेजारी ठेवलेले.

जुना-नवा किंवा साधा-रिचार्जेबल एकत्र कधीच घालू नका, कमजोर सेल उलटा चार्ज होऊन फुटू शकतो. आणि वजनकाट्यात, छोट्या रिमोटमध्ये जो नाण्यासारखा चपटा सेल असतो तो लहान मुलांच्या हाताला लागता कामा नये. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, उलटी करवू नका, घरात वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

संपलेले सेल ओल्या-सुक्यात टाकायचे नाहीत. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत ते घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. मी ते एका बरणीत साठवते, चपट्या आणि लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावते, आणि बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्यांकडे देते.