पट्टे गेले, आवाजही सुधारला : माध्यम अभ्यासक्रमातला माझा अनुभव

पहिल्या सत्रातली माझी मुलाखत वर्गात दाखवली, तेव्हा चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसले. एका जुन्या छापखान्यात, चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ती शूट केली होती. कॅमेरा बिघडला असं मला वाटलं, पण चूक सेटिंगची होती. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. माझा शटर स्पीड (प्रत्येक फ्रेमसाठी कॅमेरा उजेड घेतो तो वेळ) होता १/६० सेकंद, त्याचा या लयीशी मेळच बसत नव्हता. दुसऱ्या सत्रात कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये ६० हर्ट्झच्या विजेला जुळणाऱ्या ‘एनटीएससी’ (NTSC) ऐवजी ५० हर्ट्झला जुळणारी ‘पाल’ (PAL) ही व्हिडिओ पद्धत निवडली, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. पट्टे गेले! (उजेड जास्त असेल तर १/१०० सुद्धा चालतो.)

आवाजाचं दुखणं मात्र जास्त चिवट निघालं. आता मुलाखतीआधी समोरच्याला विचारून पंखा बंद करते, कॉलर माइक छातीशी लावते आणि शेवटी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज टिपते. संकलनात वाक्यं कापली की मधल्या फटी त्यानेच भरतात. हेडफोन न लावता रेकॉर्डिंग करणं तर मी सोडूनच दिलंय. प्रश्न विचारल्यावर थांबायला अजून शिकतेय. समोरचा क्षणभर थबकला की मीच बोलायला लागते.