मोटर वर काढायच्या आधी काय काय हाताशी पाहिजे

होळी झाली की आमच्या औसा तालुक्यात रोज कुठल्या ना कुठल्या शेतात घोडा (पाईप वर ओढायची तिपाई) उभा दिसतो, मोटर काढायलेत. एप्रिल लागला की मेकॅनिक फोनच उचलत नाही, म्हणून ज्याला बोअरची मोटर वर घेऊन बघायची त्यानं हे काम फेब्रुवारीतच उरकावं.

आठ दिवस आधीपासून एका वहीत तीन गोष्टी लिहायला लागा. तिन्ही फेजचं व्होल्टेज, प्रत्येक वायरचे अँपिअर, अन् 200 लिटरचा ड्रम किती सेकंदात भरतो. निम्मं दुखणं इथंच कळतं बघा. पाणी फुटत फुटत, हवेसकट यायलंय अन् अँपिअर पण उतरलेत तर पाणीच खाली गेलंय, मोटरीचा दोष नाही. अँपिअर प्लेटवरच्या आकड्याच्या वर चाललेत तर बुश घासतोय नाहीतर व्होल्टेज कमी आहे. एकाच वायरला जास्त दाखवत असेल तर लगेच पोरं बोलावू नका, फ्यूज काढा, तीन वायरीचा स्टार्टर असेल तर मोटरच्या तिन्ही वायरी एक-एक घर पुढं सरकवून बसवा अन् परत चालू करून बघा. जास्तीचा अँपिअर त्या वायरीसोबत सरकला तर दोष खाली, केबलीत नाहीतर वायंडिंगमधी. जागेवरच राहिला तर दोष डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) येतोय, मोटर काढून काय उपयोग. माझ्या चुलत भावानं एकदा 400 फूट पाईप वर घेतला अन् मोटर एकदम चांगली निघाली, डीपीवरची एक किटकॅट (फ्यूज बसवायची खोबणी) ढिली होती.

काढायचंच ठरलं तर सामान आदल्या दिवशी बोअरपाशी नेऊन टाका. घोडा, चैन कप्पी, क्लॅम्पच्या दोन जोड्या अन् त्यांचे बोल्ट हातानं फिरवून बघा, दोन पाईप पाने, पाईप टाकायला ताडपत्री, नवा एनआरव्ही (पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), केबल जॉईंटची रबर टेप अन् वरची टेप, मेगर (वायंडिंग अन् केबलीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मिळाला तर तो पण. आणि मोटरीला बांधायची दोरी नवीनच घ्या, यात कंजुषी नको. 2016 ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्याच उन्हाळ्यात, आमचा पाईप सॉकेटमधून सुटला अन् भार सगळा जुन्या दोरीवर आला. दोरी वरून धड दिसत होती, पण कॅसिंगच्या काठाला घासून आतून सगळी कुजलेली. तुटली. मोटर आजही तिथंच आहे. मेकॅनिक म्हणला होता चालतंय, मी पण चालतंय म्हणलो, अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

मोटर वर आली की जाळी बघा, अंगावरचा पांढरा क्षार बघा. खाराचा जाड थर म्हणजे मोटर गरम होत होती. आता हे जरा नीट समजून घ्या. आपल्याकडं काळा पाषाण, पाणी लागतं ते फटीत नाहीतर दोन थरांच्या मधल्या लाल गेरूपाशी, त्याखाली कोरडा दगड. झरा 190 फुटाला अन् मोटर 400 ला, असं सर्रास असतंय. सबमर्सिबलमधी मोटर खाली, पंप वर, पाणी ओढायची जाळी मधी. वरून आलेलं पाणी जाळीतूनच निघून जातं अन् मोटर साचल्या पाण्यात उकडत बसते, कारण तिला थंड ठेवतं ते अंगावरून वाहणारं पाणी. साडेसहा इंची बोअर अन् चार इंची मोटर असेल तर मोटरभोवती पाईपचं जॅकेट करून घ्या, वरून जाळीच्या वर बंद, खालून उघडं, म्हणजे पाणी आधी मोटरवरून मगच जाळीत. त्यात जितकं खोल तितकं पाणी कोमट, किनवटकडं उनकेश्वरला तर जमिनीतून गरम झराच येतो. बऱ्याच मोटरी 30 ते 33 अंशापर्यंतच्या पाण्यासाठी केलेल्या असतात, म्हणून एकदा बादलीत थर्मामीटर घालून बघाच, पण तापाचा नको, तो 35 च्या खाली दाखवतच नाही.

सोडताना, आत पाणी भरायची मोटर असेल तर स्वच्छ पाणी भरून हलवून हलवून हवा काढा, बुडबुडे थांबेपर्यंत. जॉईंट कोरड्या हातानं, प्रत्येक वायरचा वेगळा अन् मागं-पुढं, एकाच ठिकाणी तिन्ही आले की फुगवटा होतो अन् कॅसिंगला घासतो. बुडापासून 15-20 फूट वर ठेवा, नाहीतर गाळ ओढते.

ऑटो स्विच काढून टाका, महावितरणवाले पण कायम तेच सांगतात, लाईट आली की गावातल्या सगळ्या मोटरी एका दमात उठतात अन् डीपी बसतो. त्याऐवजी कॅपॅसिटर अन् ड्राय रनचं (पाणी संपलं की मोटर बंद करणारं) यंत्र लावा. चालू केल्यावर पाणी कमी वाटलं तर घाबरू नका, मोटर उलटी फिरत असेल, फ्यूज काढून दोन वायरी अदलाबदल करा. मग परत ड्रम लावा, सेकंद मोजा अन् किती फुटावर सोडली ते तारखेसकट स्टार्टरच्या डब्यात आतून लिहून ठेवा. अन् मोटर बाहेर असेल त्या दिवसांत बोअरचं तोंड पोत्यानं झाकू नका, लोखंडी झाकण बोल्टनं आवळा, लेकरं खेळतात शेतात.